घड्याळाखालचं ग्रंथालय आणि बेचाळिसावं पान

नमस्कार श्रोतेहो.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनं तुम्ही कधी चालत गेला असाल, तर मान वर करून राजाबाई टॉवरचं घड्याळ नक्की पाहिलं असेल. खिशात मोबाइल असला तरी माणूस ते घड्याळ बघतोच. पण त्या घड्याळाखाली काय आहे, असं विचारलं की बरेच जण अडखळतात. कोर्ट, असं एकदा मला एका टॅक्सीवाल्यानं ठामपणे सांगितलं होतं. कोर्ट शेजारी आहे. घड्याळाखाली आहे ते ग्रंथालय. मुंबई विद्यापीठाचं.

मी स्वतः ग्रंथपाल. सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. दाखल नोंदवही, शिक्के, वाळवीचं औषध आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काउंटरवर होणारी झुंबड, यात आयुष्य गेलं. त्यामुळे आज बोलताना माझा थोडा पक्षपात होईल, तो सांभाळून घ्या.

या इमारतीची गोष्ट सांगायची तर सुरुवात प्रेमचंद रायचंद यांच्यापासून करावी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद शेठ शेअरबाजाराचे राजे झाले. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेठजींसकट निम्मी मुंबई बुडाली. देणगी मात्र तोवर देऊन झाली होती! आई अंध होत्या, सूर्यास्ताआधी जेवायचा जैन नेम पाळायचा म्हणून घड्याळाचे टोले हवे होते, अशीही एक कथा सांगतात. कथा गोड आहे. मी ती कथा म्हणूनच सांगतो.

नकाशा काढला लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. ते मुंबईला कधीच आले नाहीत. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ च्या नोव्हेंबरात काम पुरं झालं. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. उंची २८० फूट, म्हणजे त्या वेळी शहरात सगळ्यांत उंच. पिवळसर दगड कुर्ल्याचा.

इथे एक गंमत आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. ते शिकवतही नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढंच काम. शिकवायचं कॉलेजांनी. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिल्या बी.ए.च्या तुकडीतले, १८६२ चे. म्हणजे विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले तेव्हा ही वास्तू व्हायला अजून सोळा वर्षं होती. आणि ती झाली तेव्हाही विद्यापीठाचे स्वतःचे वर्ग नव्हतेच. विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ साली, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. मधली चाळीसएक वर्षं हे परीक्षा घेणाऱ्या कचेरीचं ग्रंथालय होतं. आधी वाडा बांधला, मग त्यात राहायला माणसं आली, असा हा प्रकार.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी म्हणून. गोल वळणाच्या दगडी जिन्यानं वर चढलो. वरचा वाचनकक्ष म्हणजे लाकडी छताचं देऊळच. उंच खिडक्यांना रंगीत काचा. दुपारी ऊन कललं की टेबलावर निळे-तांबडे ठिपके पडायचे, आणि वाचता वाचता ते आपल्या पानावरून सरकत जायचे. बाहेर दर पंधरा मिनिटांनी टोले. पहिल्या दिवशी मी काहीच वाचलं नाही, नुसता बसलो होतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका वयस्कर वाचकानं विचारलं, "काय रे बाळा, छत वाचतोस काय?"

ती इमारत मधल्या काळात बरीच थकली होती. जीर्णोद्धार होऊन २०१५ साली ती पुन्हा उजळली. २०१८ मध्ये ओव्हलच्या एका बाजूच्या या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यानंतर मुंबईचा हा तिसरा मान. फार छान झालं. आता लोक हेरिटेज वॉकला येतात, माना वर करतात, फोटो काढतात.

पण मला आज दगडांबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय ते याद्यांबद्दल.

हसू नका. ग्रंथालयाची खरी संपत्ती म्हणजे त्याची सूची. पुस्तक आहे पण नोंद नाही, तर ते पुस्तक नसल्यात जमा. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. हा आकडा मी झोपेतही सांगेन. एखादं पुस्तक चुकून ८९१.४७ मध्ये, म्हणजे गुजरातीत, जाऊन बसलं की ते वर्षानुवर्षं सापडत नाही. मग कधीतरी झडतीत निघतं, तेव्हा त्याच्यावर धुळीचा थर आणि आपल्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव.

हे झालं छापील पुस्तकांचं. हस्तलिखितांचं काम याच्या दसपट अवघड. मुंबई विद्यापीठाच्या संग्रहात संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितं आहेत. अरबी, फारसी आणि उर्दू आहेत. ती आहेत हे आपल्याला कळतं ते तीन माणसांमुळे. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली, ती १९३५ मध्ये निघाली. भगवतसिंहजी संग्रह आणि भडकमकर संग्रह यांतल्या संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची गो. वि. देवस्थळींनी केली, १९४४ साली. इच्छाराम सूर्यराम देसाई हे गुजराती लेखक आणि पत्रकार. त्यांच्या संग्रहाची सूची ह. दा. वेलणकरांनी केली, १९५३ मध्ये. प्रेमचंद रायचंदांचं नाव गाइड सांगतो. या तिघांची नावं कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

अशी वर्णनात्मक सूची म्हणजे काय असतं? एक पोथी घ्यायची. लाल कापडाचं बासन सोडायचं. वरखालच्या लाकडी फळ्या बाजूला काढायच्या. पानं मोजायची. पान किती लांब, किती रुंद, हे मोजायचं. एका पानावर ओळी किती, एका ओळीत अक्षरं किती, हे लिहायचं. कागद कसला, अक्षर कसं, कुठे कसर लागलीय, कुठे पाणी लागलंय. मग ग्रंथाचा आरंभ उतरवून घ्यायचा, शेवट उतरवून घ्यायचा. शेवटाला लेखकू, म्हणजे पोथी उतरवणारा, कधी आपलं नाव, गाव आणि शक सांगतो, कधी सांगत नाही. मग ही पोथी कुठल्या ग्रंथाची आहे ते ओळखायचं. हे सगळं एका पोथीचं. ते संपलं की दुसरं बासन सोडायचं.

आपण "नियमांना हरताळ फासला" असं सहज बोलून जातो. तो हरताळ याच पोथ्यांतला. लेखकूचं अक्षर चुकलं की त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचा आणि वर पुन्हा लिहायचं. जुन्या पोथीत असे पिवळे चट्टे दिसले की मला बरं वाटतं. चार शतकांपूर्वीचा माणूसही चुकत होता.

आणि शेवटी लेखकू बहुतेक वेळा एक श्लोक टाकतो. पोथ्या हाताळणाऱ्या कुणालाही तो पाठ असतो. "तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्॥" पुस्तक म्हणतंय, मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधू नका, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका.

पाण्यापासून वाचवा. आता माझ्या घरची गोष्ट ऐका.

आमचं मूळ घर सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आजोबांची एक लोखंडी ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात पोथ्या. लहानपणी आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. पुढे मी ग्रंथालयशास्त्र शिकलो, नोकरीला लागलो, आणि एका दिवाळीत ठरवून गेलो की या खेपेला ट्रंक उघडायची, यादी करायची. माळ्यावर चढलो तर ट्रंक रिकामी. तिच्यात गव्हाचं पोतं.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "अरे, घर रंगवायला काढलं तेव्हा काढली ती बाडं. देवाधर्माचं आहे, रद्दीत कसं घालायचं? नदीत सोडली."

"किती होती?"

"दोन खेपा झाल्या."

आत्या अडाणी नव्हती. तिनं ते भक्तीनंच केलं होतं, स्नान करून, फूल वाहून. महाराष्ट्रात असं किती घरांत झालं असेल, याचा हिशेब कुणाकडे नाही. आणि श्रोतेहो, आजही होतं. जुनं घर पाडताना, वाटण्या होताना, कुणी वारलं की. म्हणून सांगतो. घरात जुनी बाडं असतील तर काही करायच्या आधी फक्त दोन गोष्टी करा. ऊन आणि ओल नसलेल्या जागी सुती कापडात बांधून ठेवा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा धरतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच नको. आणि ती पोथी देऊनच टाकली पाहिजे असंही नाही. फोटो काढून, नोंद करून परत नेता येते. केंद्र सरकारचं राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली निघालं ते अशाच नोंदींसाठी.

बाड मोडीतलं असेल तर घाबरू नका. मोडी शिकता येते. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि त्याची मुंबईची कचेरी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राजाबाई टॉवरपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. अशा वर्गांत निवृत्त बँकवाले, वकील, गृहिणी बसतात आणि दोन-तीन महिन्यांत आपल्या पणजोबांचं खरेदीखत वाचू लागतात. विद्यापीठाचा बहिःशाल विभाग गावोगावी व्याख्यानं ठेवतो, ती कुणीही ऐकावीत. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं मांडून ठेवतात. त्या दिवशी तरी आत जायला संकोच वाटू नये.

नव्या सोयींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या तरुण श्रोत्यांना माझ्याहून जास्त माहीत आहेत. आता कायद्यातही ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण रिक्षावाल्याला सांगून बघा! पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. आमच्या वेळी एका परदेशी जर्नलच्या वर्गणीसाठी प्राचार्यांच्या केबिनबाहेर तासभर उभं राहावं लागायचं, म्हणून मला याचं अप्रूप. ज्याला हे मिळतंय त्यानं एकदा तरी ग्रंथपालाकडून ते कसं शोधायचं ते शिकून घ्यावं. उघडं दार आणि माहीत असलेलं दार यांत फरक असतो.

तर ती ट्रंक. गव्हाचं पोतं उचललं तेव्हा तळाशी, गंजाला चिकटून, एक पान राहिलं होतं. एकच. लांबट, हातकागदाचं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. काळी शाई अजून लखलखीत. उजव्या समासात खाली आकडा, ४२. मजकूर औषधाचा असावा, सुंठ आणि पिंपळी यांची नावं लागतात.

ते पान मी फाइलीत घालून मुंबईला नेलं. देवस्थळींची सूची मागवली आणि त्या रंगीत काचांखाली बसून वैद्यकाच्या नोंदी एकेक लावून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी माझी चूक माझ्या लक्षात आली. सूचीत ग्रंथाचा आरंभ देतात आणि शेवट देतात. माझ्याकडे होतं ते मधलं पान. डाव्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरं असतात, त्यांवरून काही धागा लागला असता. नेमका तेवढाच भाग कसरीनं खाल्लेला.

पान अजून माझ्याकडे आहे. एक्केचाळिसावं आणि त्रेचाळिसावं कृष्णेत गेलं.

नमस्कार.