"चालू आहे सर, होईल" असं ऐकलं की टीम लीडरने काय करायचं?

नमस्कार मंडळी. हाताखाली चार माणसं असोत की चाळीस, "चालू आहे सर, होईल" हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. त्याच्या मागे काय दडलेलं असतं आणि ते वेळेत बाहेर कसं काढायचं, ते आज बघूया.

कर्मचाऱ्यांची काळजी म्हटलं की बऱ्याच ऑफिसांत वाढदिवसाचा केक येतो आणि वर्षातून एकदा अलिबागची पिकनिक होते. जरूर करा, माणसांना बरं वाटतं. पण काळजीचा कामावर खरा परिणाम कुठे दिसतो? वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोचते, तिथे. माल उशिरा येणार आहे, हिशोबात आकडा चुकलाय, क्लायंट नाराज आहे, हे सगळ्यात आधी कळतं ते प्रत्यक्ष काम करणाऱ्याला. सांगितलं तर आपल्यालाच झापतील असं वाटलं की तो गप्प बसतो. मग सोमवारची चूक तुम्हाला शुक्रवारी कळते, तीही क्लायंटच्या फोनवरून.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स अभ्यासल्या. औषध देताना होणाऱ्या चुका हा विषय होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, पण तिथेच चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. कारण तिथली माणसं चूक झाली की बोलत होती. तेव्हा महिनाभर टीममधून एकही तक्रार आली नसेल, तर निर्धास्त होऊ नका.

समजा कुणी येऊन म्हणालं, "सर, कालच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरायचा राहिला." तुमचं पहिलं वाक्य काय असेल? "असं कसं राहिलं?" म्हणालात तर बाकीची टीम ते ऐकते आणि पुढच्या वेळी कुणी येत नाही. "बरं झालं आत्ता सांगितलंस. क्लायंटने अजून होकार कळवलाय का?" असं विचारा. आधी नुकसान थांबवा. चूक कशी झाली हे दुसऱ्या दिवशी, एकट्याला बसवून बघा. बहुतेक वेळा त्या दिवशी त्याच्या टेबलावर तिघांचं काम पडलेलं असतं.

आता मुख्य सवय. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी एकट्याने पंचवीस-तीस मिनिटं बोला. वार आणि वेळ ठरलेली ठेवा. सोमवारची सकाळ नको, शुक्रवारची संध्याकाळ तर नकोच. पहिली दहा मिनिटं समोरच्याची.

"सगळं ठीक ना?" या प्रश्नाला "हो सर" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गेल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? कुठे अडलंय, आणि त्यात माझ्याकडून काय हवंय? कोणतं काम बंद केलं तर कुणाचंच काही अडणार नाही? प्रश्न विचारून गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. खरं उत्तर या शांततेनंतर येतं.

ही बैठक बिघडते कशी? सगळ्यात जास्त वेळा तिचा कामाचा आढावा होतो, कारण डेडलाइनचा ताण तुमच्याही डोक्यावर असतो. आढावा वेगळा घ्या. कधी तिथे बोललेलं दुपारच्या चहापर्यंत टीमभर होतं. मग विषय संपला. आणि ऐकून घेऊन काहीच न करणं तर न विचारण्यापेक्षा वाईट. एक गोष्ट लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीआधी तेवढी करा. जमणार नसेल तर तसं कारणासकट त्याच दिवशी सांगा.

अर्थात पायाच कच्चा असेल तर या बोलण्याला किंमत नाही. याच मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारच्या सुट्टीला १८९० उजाडलं. आजही आधी हेच तपासा. पगाराची तारीख पुढे जाते का? जेवायला बसलेल्याला फोन करून उठवता का? पीएफ कापून वेळेवर भरला जातो का? न भरल्याचं कर्मचाऱ्याला पासबुकात दिसतं, आणि मग तुमच्या गोड बोलण्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

मुंबईत आणखी एक हिशोब असतो, लोकलचा. अंधेरीच्या ऑफिसातून बदलापूरला जाणारी सहकारी घ्या. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल. सहा चाळीसला तुम्ही "पाचच मिनिटं ये गं" म्हणालात. तिची गाडी चुकली. ठाणे-कल्याण गाड्या बऱ्याच, बदलापूर मोजक्या, म्हणजे पुढच्या गाडीची वाट बघणं आलं. तिकडे पाळणाघरातल्या बाई मुलाला घेऊन थांबलेल्या. तुमची पाच मिनिटं तिला पाऊण तासाला पडली. म्हणून साडेपाचनंतर नवीन काम काढायचं नाही, असा नियम टीमपुढे बोलून दाखवा आणि स्वतः पाळा.

पावसाळ्यात तर हे अगदी जिवाशी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हजारो लोक ऑफिसांत आणि रस्त्यांवर अडकले. कोण कुठे राहतं, कोणत्या लाइनने जातं, याची यादी जूनमध्येच करून ठेवा. रेड अलर्ट असेल तर भरतीची वेळ बघून दुपारी बारापर्यंत निर्णय घ्या. गाड्या बंद पडल्यावर दिलेली परवानगी कुणाच्या उपयोगाची? विरार, कर्जत, कसारा, पनवेलवाले आधी निघतील. "ज्याला जायचंय त्याने जा" असं मोघम सांगू नका. साहेब खुर्चीत बसलेले असताना नवीन मुलगा उठत नाही. नावं घेऊन सांगा, घरी पोचल्यावर ग्रुपवर मेसेज टाकायला सांगा, आणि हजेरीत त्यांचा हाफ डे लागणार नाही, हे एचआरशी बोलून त्याच दिवशी पक्कं करा.