गॅलनमधली भुतं: एडिसनचं घरगुती हॅलोविन

ऑक्टोबर संपत आला की न्यू जर्सीतल्या एडिसनमधले रस्ते असे दिसायला लागतात. कुणाच्या लॉनवर सांगाडे, कुणाकडे हवा भरलेली मोठाली भुतं, आणि हे बहुतेक सगळं दुकानातून आलेलं. आपण या घरापाशी थांबलोय कारण इथली भुतं किचन टेबलवर तयार होतात, घरात पडलेल्या सामानातून.

हे दुधाचे रिकामे गॅलन, म्हणजे प्लास्टिकचे मोठे कॅन. आतून खळखळून धुतलेत, लेबलं गरम पाण्यात भिजवून सोललीत. काळ्या मार्करने दोन मोठ्ठे डोळे, वाकडं तोंड, मागून कटरने भोक (हे काम मोठ्यांचं) आणि त्यातून एलईडीची माळ आत सरकवायची, प्लास्टिक दुधट असल्यामुळे बल्ब दिसतच नाहीत, उजेड सगळीकडे पसरतो आणि अख्खा चेहरा पेटतो. खरी मेणबत्ती यात अजिबात नको.

टॉयलेट पेपरच्या रिकाम्या रोलला डोळ्यांच्या आकाराची भोकं पाडायची, आत ग्लो स्टिक, रोल झुडपात खोचला की झालं. बघा, झुडूपच आपल्याकडे रोखून बघतंय!

आता टेबलच्या त्या टोकाला. भारतातून आलेल्या आजी कॉर्नस्टार्चची खळ करतायत. आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं, पांढरं पाणी हळूहळू पारदर्शक आणि दाट होतं. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा त्यात बुडवला, हलकाच पिळला, बाटलीच्या तोंडावर बॉल ठेवून त्यावर पसरला, दोन्ही बाजूंना तारेचे हात, आणि खालच्या चुण्या आजी एकेक करून बोटांनी ओढून बसवतायत, साडीच्या निऱ्या काढलेला हात आहे तो. रात्रभर वाळलं की आतली बाटली, बॉल, तारा सगळं काढून घ्यायचं. भूत आपलं आपण उभं, आत काहीच नाही! टिचकी मारली तर पापडासारखं वाजतं.

घरात आहे त्यातून भूत करायचं ही हॅलोविनची जुनी रीतच आहे. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. हा फोटो बघा, डोनेगलमधल्या अशाच एका सलगमची प्लास्टरची प्रतिकृती, मेयो काउंटीतल्या टर्लो पार्कच्या म्युझियममध्ये आहे, आणि आजच्या कुठल्याही रबरी मुखवट्यापेक्षा भयानक दिसते. आयरिश लोक अमेरिकेत आले, इथे भोपळे मुबलक, मोठे, कोरायलाही सोपे, म्हणून सलगमच्या जागी भोपळा आला.

दुकानातलं कापसासारखं ताणायचं जाळं या घरात नाही, त्यात पक्षी अडकतात. इथलं जाळं काळ्या कचऱ्याच्या पिशवीचं, घड्या घालून कात्रीने कापलेलं, भोकं मोठी, आणि पोर्चच्या छताखाली चिकटपट्टीने लावलंय.

हा पोर्चचा फोटो 2024 चा. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला इथे दिवाळी आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी होते, त्यामुळे आकाशकंदील आणि गॅलनची भुतं शेजारी शेजारी, पायरीवर रांगोळी, आणि कॅंडी मागायला आलेली पोरं रांगोळी ओलांडून उड्या मारत वर येतायत.

दुसऱ्या दिवशी भोपळा कंपोस्टमध्ये, गॅलनमधली माळ काढून गॅलन रिसायकलिंगला. ओढणीचं भूत आजींनी गरम पाण्यात घातलंय, खळ निघून जाते, आणि तोच तुकडा आता किचनच्या ओट्याला.