"पित्त आहे, घरी न्या"

श्रोतेहो, नमस्कार.

माझे मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीन वर्षांपूर्वी एका रात्री दीडच्या सुमाराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं, डावा खांदा भरून आला, बनियन घामानं चिंब झालं. मामीनं शेजारच्या मुलाला उठवलं आणि रिक्षात घालून त्यांना एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी एक ईसीजी काढला, पित्ताचं इंजेक्शन दिलं. मामी म्हणाली, "डॉक्टर, ह्यांचा घाम अजून थांबला नाही हो." डॉक्टर म्हणाले, "मावशी, पित्त आहे. घरी न्या, सकाळी ओपीडीत दाखवा."

सव्वादोनला घरी पाठवलं. पहाटे पाचला मामा मोरीच्या दारात कोसळले. दुसऱ्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण तोवर हृदयाचा बराच स्नायू निकामी झाला होता. आता एक जिना चढला की कठड्याला धरून उभं राहावं लागतं.

मी वकील आहे, ग्राहक आयोगात माझं रोजचं काम. साहजिकच सगळे नातलग माझ्याकडे आले आणि पहिला प्रश्न आला, "त्या डॉक्टरला आत टाकता येईल ना गं?" पक्षकारही पहिल्यांदा हेच विचारतात. याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. ते का, ते पुढे सांगते. आधी वेगळा प्रश्न विचारू या: पेशंटला लवकर घरी पाठवलं म्हणजे कायद्यानं हलगर्जीपणा झालाच का?

नाही. निदान चुकणं हा गुन्हाही नाही आणि दर वेळी निष्काळजीपणाही नाही. न्यायालय एवढंच बघतं की त्या वेळी, त्या लक्षणांवर, एखाद्या सर्वसाधारण सावध डॉक्टरनं पेशंटला घरी जाऊ दिलं असतं का? छातीत दुखतंय, घाम येतोय, वय साठीपुढचं, अशा माणसाचा पहिला ईसीजी अगदी चांगला येऊ शकतो. हृदयविकारात रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही पहिल्या एकदोन तासांत वाढलेलं दिसेलच असं नाही. म्हणूनच अशा पेशंटला थांबवून काही तासांनी तपासण्या पुन्हा करतात. गावाकडचं उदाहरण मण्यारीचं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दात लागल्याची खूण धड दिसत नाही, सूज नाही, दुखणं नाही. "काही नाही, मुंगी चावली असेल" म्हणून घरी पाठवावं, आणि दोनचार तासांत पापण्या जड होऊन मिटायला लागाव्यात, श्वास अडकावा. साप चावल्याचा संशय असेल तर पेशंटला चोवीस तास नजरेखाली ठेवायचं असतं ते याचसाठी.

एक महाराष्ट्रातलाच जुना खटला आहे. 1953 साली कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, उपचारांत तो दगावला. वडील गोडबोले यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1968 साली निकाल लागला. न्यायालयानं म्हटलं की डॉक्टरवर तीन टप्प्यांवर काळजी घेण्याची जबाबदारी असते: पेशंट हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार देताना. माझं म्हणणं असं की "घरी न्या" हाही उपचाराचाच निर्णय आहे, आणि तो याच मापानं मोजायला हवा.

पण नुसतं चुकलं हे दाखवून भागत नाही. त्या चुकीमुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. मामा तीन तास आधी टेबलावर गेले असते तर स्नायू वाचला असता का? बरीच प्रकरणं पडतात ती इथे. त्यासाठी लागतो कागद.

तेव्हा घरी नेलेल्या माणसाचा त्रास वाढला तर कोर्टकचेरीचा विचार बाजूला ठेवा, पेशंटला घेऊन सरळ दुसरं हॉस्पिटल गाठा, आणि तिथल्या केसपेपरवर आधीच्या ठिकाणी किती वाजता गेलो होतो, काय सांगितलं गेलं, ते लिहून घ्यायला सांगा. मग पहिल्या हॉस्पिटलला लेखी अर्ज करून पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात की पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागणी केली की 72 तासांत कागदपत्रं द्यायची. मुंबई उच्च न्यायालयानंही 1990च्या दशकातच हॉस्पिटलांना हे बजावलेलं आहे.

मामांच्या केसपेपरवर वेळच नव्हती. "गॅस्ट्रायटिस, ओपीडी फॉलोअप" एवढं खरडलेलं. मामीनं मात्र मेडिकलचं बिल पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं, त्यावर छापलं होतं 2:22. आणि अर्ज केल्यावर ईसीजीची पट्टी मिळाली, तिच्यावर मशीननंच वेळ छापलेली: 1:52. म्हणजे छातीत दुखणाऱ्या माणसाला पुरता अर्धा तासही ठेवलं नव्हतं, आणि पट्टी एकच. ती पट्टी हातात येताच मी पहिलं काम केलं ते म्हणजे झेरॉक्स. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात.

आणखी एक. निघताना एका छापील फॉर्मवर सही मागतात. कॅज्युअल्टीत त्याला "डामा" म्हणतात. अर्थ असा की डॉक्टर थांबा म्हणत असताना आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंटला नेतोय. तुम्ही स्वतः नेत असाल तर खुशाल सही करा. पण डॉक्टरच जा म्हणत असतील तर सही करू नका, किंवा सहीशेजारी मराठीत लिहा, "डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी नेत आहोत."

आता दाद मागायची कुठे?

खासगी हॉस्पिटल असेल तर बहुतेकांसाठी योग्य दार ग्राहक आयोगाचं. सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, 2019च्या कायद्यातही ते कायम आहे. बिल मेडिक्लेमनं भरलं तरी चालतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. लोक घाबरतात ते फीला. तर ऐका: कोणत्या आयोगात (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) जायचं आणि फी किती हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, हॉस्पिटलला दिलेल्या पैशांवर ठरतं. कॅज्युअल्टीचं बिल दोनतीन हजारांचं असतं. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य. वकील दिलाच पाहिजे असंही नाही. (हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतेय.) तज्ज्ञ डॉक्टरचं मत मात्र मिळवाच. प्रत्येक प्रकरणात ते सक्तीचं नाही असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली सांगितलंय खरं. पण निदानाच्या वादात त्याच्याविना प्रकरण लंगडं पडतं. आणि वेळ लागतो. कायद्यात महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षं जातात.

घाई असेल, भरपाई एक कोटीच्या आत असेल तर तुमच्या भागात कायमस्वरूपी लोकअदालत आहे का ते बघा. हॉस्पिटलची सेवा तिच्या कक्षेत येते, हे बऱ्याच वकिलांनाही आठवत नाही. बायकांना, मग उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार असतील तर ग्राहक आयोगाचं दार बंद. म्हणून सरकार सुटलं असं नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली एका बाईच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर कापड राहिलं, ती दगावली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला जबाबदार धरलं. त्याच वर्षी बंगालमधल्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं म्हणून, जगण्याचा मूलभूत हक्क मोडल्याबद्दल पंचवीस हजारांची भरपाई दिली. अशा वेळी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याची याचिका. सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती विसरू नका.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी काही काळ काढून घेतली जाऊ शकते. तिथे पैसे मिळत नाहीत.

राहिला प्रश्न "आत टाकण्याचा". निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर न्याय संहितेच्या 106 कलमाखाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण 2005 पासून सर्वोच्च न्यायालयाची अट अशी की हलगर्जीपणा अगदी ढोबळ हवा, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं. रात्रपाळीला एकट्या असलेल्या मुलानं पित्त समजून पाठवलं, हे त्यात सहसा बसत नाही. आणि मला विचाराल तर बसूही नये. वीस पेशंटमागे एक डॉक्टर ठेवणारं व्यवस्थापन मला त्या मुलापेक्षा जास्त दोषी वाटतं, आणि तक्रारीत पहिलं नाव हॉस्पिटलचं घाला असं मी सांगते ते म्हणूनच.

हाणामारी तर करूच नका. महाराष्ट्रात 2010 पासून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय तोडफोडीची दुप्पट भरपाई. चांगली केस असलेला एक मुलगा काचा फोडून आरोपी झालेला मी पाहिलाय.

मामांची तक्रार मी स्वतः चालवली नाही, सहकाऱ्याकडे दिली. आयोगानं मध्यस्थाकडे पाठवलं आणि तिसऱ्या बैठकीत तडजोड झाली. रक्कम सांगता येत नाही, तशी अट आहे. परवा मामांकडे गेले तेव्हा त्यांनी कपाटातून फाईल काढून मूळ ईसीजीची पट्टी दाखवली. ती पूर्ण कोरी झाली आहे. खाली लावलेल्या झेरॉक्सवर मात्र अजून 1:52 वाचता येतं.

नमस्कार.