कोल्हापूर ते डेहराडून: एका चासीचा प्रवास

[शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. सकाळची वेळ. गॅरेजचं शटर वर जातं.]

टेबलावर आडवी ठेवलीय ती येझदी मोटरसायकलची चासी. इंजिन नाही, टाकी नाही, चाकं नाहीत. नुसता सांगाडा, पण नवा काळा रंग ल्यालेला.

गाडी १९७८ची. ज्यांनी घेतली, त्यांचा मुलगा आज फौजेत आहे आणि सध्या डेहराडूनला असतो. वडिलांची गाडी त्याला स्वतःच्या हातानं जोडायचीय. चासी सरळ करणं आणि रंग, एवढं मात्र त्याला कोल्हापुरातच करून हवं होतं. ते झालंय. आता हिला जवळपास २००० किलोमीटर लांब जायचंय.

म्हैसूरच्या कारखान्यात १९६१पासून जावा तयार होऊ लागली. १९७३ला तिची येझदी झाली आणि १९९६ला कारखान्याला टाळं लागलं. २०२२मध्ये येझदी हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं खरं, पण त्या गाडीची चासी वेगळी, इथं उपयोगाची नाही. म्हणजे ही वाकली, तर हीच सरळ करायची.

[हेडच्या पाइपाजवळचा नंबर, अगदी जवळून.]

इथं बघा. हेडजवळ, म्हणजे हँडल जिथं बसतं त्या पाइपाजवळ, पंचानं ठोकलेला हा नंबर. इंजिन बदललं, टाकी बदलली तरी गाडी तीच राहते, कारण आरसी बुकात हा नंबर आहे. म्हणून पॅकिंगच्या आधी आम्ही त्यावर कागद धरतो आणि पेन्सिल घासतो. एकेक आकडा कागदावर उमटत जातो. हा चासी प्रिंट, आरसीची झेरॉक्स आणि मालकाचं सहीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत बांधायचं. वाटेत कुणी विचारलं, ही चासी कुणाची, तर उत्तर तिच्यासोबतच असतं.

ट्रान्सपोर्टच्या गोदामातले मामा दर वेळी म्हणतात, "लोखंड हाय न्हवं? काय हुतंय त्याला!" मामांचा हात माल हाताळण्यात मुरलेला आहे, तरी हे त्यांचं मला पटत नाही. चासीचे मोठे पाइप दणकट असतात, कबूल. पण इंजिन जिथं बसतं ते कान? पातळ पत्र्याचे. वरून एखादा जड नग पडला की कान वाकतो.

एकदा आमची एक चासी अशीच गेली. वरून गोणपाट नीट शिवलेलं, कुठं ओरखडा नाही. इंजिन बसवायला घेतलं, तर मागचा बोल्ट भोकासमोर येईना. फरक असेल तीनेक मिलिमीटरचा. कान गॅसवर तापवून सरळ करावा लागला, आणि तिथला रंग जळून गेला. चार दिवस नीट झोप लागली नव्हती मला. तेव्हापासून आमचं पॅकिंग कानांपासून सुरू होतं.

दोन कानांच्या मधलं अंतर मोजायचं, तेवढाच सागवानी ठोकळा कापायचा, तो मध्ये बसवायचा आणि आरपार बोल्ट घालून नट हातानंच आवळायचा. आता बाहेरून दाब आला तरी कान आत जाणार नाही. स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, त्याच्या दोन टोकांनाही हीच युक्ती. हेडच्या पाइपात कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, वाट्या बसतात, त्या जागेला ग्रीसचा हात फिरवायचा आणि लाकडी बूच मारायचं. आट्यांवर ग्रीस, वरून चिंधी. एखाद्या आट्यात खडा गेला तर पुढं बोल्टच बसत नाही.

[जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या जातात.]

ही सुती साडी माझ्या आईची. नव्या रंगावर थेट बबल रॅप गुंडाळला, तर उन्हात तापून त्याचे गोल गोल ठसे रंगावर उठतात. म्हणून आधी सूत. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, मग बबल रॅप, मग पुठ्ठा. शेवटी गोणपाट, आणि दाभणानं सुतळीचे टाके. दाभण कायम बाहेरच्या बाजूला ओढायचं. आत घुसलं की एवढी मेहनत करून रंगावर चरा पाडणारे आपणच!

आता भाड्याचं. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, नग जागा किती खातो तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला ५०००नं भागा. विमानानं जाणाऱ्या कुरिअरला सहसा हाच हिशेब लागतो. १२० बाय ६५ बाय ३०चा नग झाला, तर भाडं जवळपास ४७ किलोचं. काट्यावर तो त्याच्या निम्माही भरत नाही. स्विंग आर्म सोडवून चासीच्याच पोटात बांधला आणि नग ११० बाय ६० बाय २५मध्ये बसवला, की तोच आकडा ३३ होतो. पॅकिंगला गेलेला अर्धा दिवस तिथं वसूल.

आम्ही मात्र ट्रकनं पाठवतोय. रंग वाळायला दहा दिवस दिले होते, आणखी आठ गेले तर बिघडत नाही. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'ओनर्स रिस्क' (नुकसान झालं तर ते मालकाचं) छापलेलं असतं, ते वाचूनच सही करायची, आणि विमा वेगळा मागून घ्यायचा. वाटेतल्या प्रत्येक गोदामात नग एकदा उतरतो, एकदा चढतो. प्रत्येक वेळी हात नवे. म्हणून पत्ता दोन्ही अंगांना, मोठ्या अक्षरात, आणि एक चिठ्ठी आत.

मामांनी नग उचलून बघितला, कानाच्या जागी बोटानं दाबलं. "ठोकळा घातलाय व्हय?" म्हणाले, आणि नग ट्रकमध्ये सगळ्यात वर ठेवला.

[मोबाइलवरचं चित्रण. डेहराडून, एका क्वार्टरचा व्हरांडा.]

नवव्या दिवशी हा व्हिडिओ आला. फौजेतला तो मुलगा टाके कापतोय. साडीची पट्टी सुटते. ठोकळा हातोडीच्या दांड्यानं हळूच बाहेर येतो. टाकी, चाकं अजून खोक्यातच आहेत, पण त्याला दम नाही. दोघं मिळून इंजिन उचलून धरतात, तो मागचा बोल्ट हातात घेतो, कानात घालतो.

बोल्ट बोटानंच आरपार गेला.