वर बागा, खाली पाणी

(पडद्यावर: कामगारांची शिफ्ट बदलतेय.)

हे चालणं नीट बघा. एक रांग कामावर निघालीये, दुसरी सुटलीये, दोन्हीकडे मुंड्या खाली, आणि सुटलेले तर अजूनच रेंगाळत पाय टाकतायत. १९२७ चा सिनेमा आहे, 'मेट्रोपोलिस', जर्मनीतला, फ्रिट्झ लांगचा मूकपट. वर टॉवर आणि बागा, मालकांची पोरं स्टेडियममध्ये पळायची शर्यत लावतायत, जमिनीखाली मशिनी, आणि मशिनींच्याही खाली कामगारांची वस्ती. घड्याळसुद्धा दहा आकड्यांचं, कारण शिफ्ट दहा तासांची. नंतरच्या सायफाय सिनेमांनी हीच इमारत इकडेतिकडे हलवली. २०१३ च्या 'स्नोपिअर्सर'मध्ये ती आडवी करून तिची ट्रेन केली, पुढच्या डब्यात श्रीमंत, शेपटीच्या डब्यात बाकीचे, खायला किड्यांच्या वड्या. त्याच वर्षीच्या 'एलिझियम'ने वरचा मजला थेट अंतराळातच नेला.

(वस्ती. पडदा बांधतायत.)

आम्ही हा सिनेमा पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत लावला, समाजमंदिरात, पांढऱ्या पडद्यावर. मूकपट असल्यामुळे अधल्यामधल्या पाट्या आमच्यातला एकजण माईकवर मराठीत वाचत होता. पोरांना पहिल्या पाच मिनिटांतच ते चालणं एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी बोळातून त्यांची रांग निघाली. ही बघा, सगळ्यात पुढे जी आहे ती मुंडी खाली घालून नळाला धडकली.

(पुठ्ठ्याचं शहर.)

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण हे शूट करताना आम्हालाच सगळ्यात जास्त मजा आली. त्या काळी कॉम्प्युटर नाही, मग माणसं एवढ्या मोठ्या शहरात उभी कशी केली? युजेन शुफ्टान नावाच्या कॅमेरामनने आरसा वापरला. पोरांनी तेच केलं बघा. किराणा दुकानातली खोकी आणून टॉवर बनवले, खिडक्या कापल्या, ते शहर बाजूच्या टेबलावर ठेवलं. मोबाईलसमोर आरसा तिरका धरला, ४५ अंशात, म्हणजे मोबाईलला आरशात ते खोक्यांचं शहर दिसतं. मग आरशाच्या पाठीवरचा रंग आणि पारा ब्लेडने खरवडला, सगळा नाही, फक्त एका गॅलरीपुरता. तेवढ्या जागी आता नुसती काच राहिली, काचेतून पलीकडचं दिसतं, आणि पलीकडे लांब, पार बोळाच्या टोकाला एक पोरगा उभा. लांब असल्यामुळे इवलासा दिसतो. आरसा सुतभर इकडे, सुतभर तिकडे, पोरगा कधी भिंतीत तर कधी हवेत, आणि मग… हां! बसला गॅलरीत. एकच गॅलरी खरवडली होती, ती पण सगळ्यात वरची, त्यामुळे नंबर लावावे लागले. तळघराचीही एक खिडकी खरवडू म्हटलं तर कुणी तयार होईना.

(पुराचा सीन.)

खाली राहणाऱ्यांना पाणी आधी गाठतं. सिनेमात भडकवलेले कामगार मुख्य मशीन फोडतात आणि स्वतःचीच वस्ती बुडवतात, पोरं खाली आहेत हेच विसरतात. या फ्रेमवर उभ्या रेघोट्या दिसतायत ना, हे तुकडे कित्येक वर्षं हरवलेले होते, २००८ मध्ये ब्यूनॉस आयर्सच्या म्युझियममध्ये १६ एमएमची घासलेली प्रिंट सापडली त्यातून आलेत. आणि ही पोरं म्हणजे बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून आणलेली खरी पोरं, शूटिंगसाठी कित्येक दिवस पाण्यात उभी केलेली. मोठ्यांच्या गर्दीतही बेकार माणसं भरपूर होती. आमचं म्हणणं हेच आहे, भविष्यातली गरिबी दाखवायची झाली की सिनेमा आजचे गरीब भाड्याने आणतो. २००९ च्या 'डिस्ट्रिक्ट ९' मधल्या झोपड्या दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोतल्या चियावेलो भागातल्या खऱ्याखुऱ्या, तिथल्या लोकांना सरकारी घरांकडे हलवणं चालू होतं तेव्हाच्या. 'एलिझियम'ची उद्ध्वस्त पृथ्वी म्हणजे मेक्सिको सिटीचा कचरा डेपो, आणि श्रीमंतांच्या भागाचं बरंचसं शूटिंग कॅनडातल्या व्हँकुवरला. (आमच्याकडे फुरसुंगीच्या कचरा डेपोवर आला असता तर सेटचा खर्च तिथेही वाचला असता.) आणि हो, आम्हीपण कॅमेरा घेऊन याच वस्तीत आलोय.

(कालव्याची भिंत, आत्ताची.)

इथे २७ सप्टेंबर २०१८ ला, सकाळी, मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि पाणी उतारावरून थेट या वस्तीत घुसलं. मेट्रोपोलिसमध्ये निदान माणसांनी मशीन फोडलं होतं, आपल्याकडे तेव्हाचे जलसंपदा मंत्री म्हणाले की उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला. घरं गेली, भांडीकुंडी, दप्तरं, कागदपत्रं गेली, पंचनामे झाले.

(इथे निवेदन नाही. सिनेमा बघणाऱ्या बायकांचे चेहरे.)

शेवटचा सीन. कामगार त्रिकोण करून चर्चच्या पायऱ्यांकडे येतात, मालकाचा मुलगा मध्ये पडतो, मालक आणि मुकादम हात मिळवतात, आणि पाटी येते की डोकं आणि हात यांच्यात मध्यस्थी हृदयानेच करायला हवी. कथा थिया फॉन हार्बूची, जिने पुढे बेळगावकडच्या तेंडुलकर आडनावाच्या पत्रकाराशी लग्न केलं आणि नाझी पक्षातही गेली. हा शेवट पुढे खुद्द लांगलाही पटेनासा झाला. आम्हाला तर अजिबात पटत नाही, एवढं सगळं बुडाल्यावर नुसतं शेकहँड?

माईकवाल्याने पाटी वाचून संपवली तेव्हा दुसऱ्या रांगेतून आवाज आला, तो रेकॉर्ड झालाय, ऐका. "पण पगाराचं काय ठरलं?" त्याने परत पाटी वाचली. "हो हो, ते ऐकलं. पगाराचं काय?"