सध्या काय वाचताय?

(नागपुरातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, मे महिन्यात संध्याकाळी घरचा कूलर सोडून व्याख्यानाला येणारा माणूस नागपुरातच भेटतो. हा मागचा कूलर बंद केलात तर मी ऐकू येईन, चालू ठेवलात तर तुम्ही सुखी राहाल. राहू द्या चालू.

हातातलं, अजून न संपलेलं पुस्तक चारचौघांत सांगावं का, असा आजचा विषय. सांगावं, असं माझं मत. का ते सांगतोच. आधी एक तक्रार.

मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे (नाव घेत नाही, चिटणीस समोर बसलेत) तिथं पूर्वी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा चिकटवलेला असे. खिशात कार्ड, कार्डावर तारखा आणि सभासद क्रमांक. मी कुठलंही प्रवासवर्णन काढलं की माझ्या वर तोच एक क्रमांक हजर! हा कोण बुवा आपल्या आधी सगळीकडे जाऊन येतो? एकदा काउंटरवर एका गृहस्थांनी तोच क्रमांक सांगितला आणि मी त्यांची वाटच अडवली. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारे, मालगाडीवरचे गार्ड. त्यांचं वाचन सिग्नलच्या हाती. गाडी लूपलाइनला, म्हणजे बाजूच्या रुळांवर, उभी राहिली की ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, पुस्तक उघडायचं, सिग्नल मिळाला की खूण घालून मिटायचं. "काका, कुठवर आलं?" असं विचारलं की म्हणायचे, "काल सिंदीला गाडी अडकली ना राजेहो, तेवढ्यात नायकाचं लग्न लागून गेलं. सिग्नल लवकर मिळाला असता तर सुटला असता बिचारा!"

(हशा) हसताय, म्हणजे बहुतेक विवाहित आहात.

पुस्तक चांगलं की वाईट हे काका कधीच सांगत नसत. कोण कुठे अडकलंय, एवढंच. पण त्या अर्धवट हकिगती ऐकून मी जितकी पुस्तकं वाचली, तितकी परीक्षणं वाचून नाही वाचली. परीक्षण लिहिणारा निकाल देऊन मोकळा होतो. काकांना पुढे काय होणार हे माझ्याइतकंच ठाऊक नसायचं.

मग संगणक आला, बारकोड आले, कार्डं रद्दीत गेली. काम भराभर होतं, कबूल. पण माझ्या आधी हे पुस्तक कोणी नेलं, ते आता यंत्राला ठाऊक, मला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे प्रस्तावनेतच गाडी गेली.

तर भराभर. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक असं, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. तो मिळवून द्यायचं थोडं काम ती कार्डं फुकटात करत होती. रेल्वेत पूर्वी समोरच्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसायचं. मोबाइलवर तो कादंबरी वाचतोय की बँकेचा हप्ता बघतोय, कळत नाही. वाचन दिसेनासं झालंय, म्हणून ते आता तोंडानं सांगायला हवं.

आणि रेल्वेतलं पुस्तक साधं समजू नका. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यातल्या एका गोऱ्या मिशनऱ्यानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्यानं काय गुदरलं, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. सध्या मी तेच पुन्हा वाचतोय. अजून ताटातुटीपर्यंत पोचलो नाही आणि घाईही नाही.

दुसरं, "सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला आपण जे वाचायला हवं त्याचं नाव ठोकून देतो. ते बंद करा. रहस्यकथा वाचत असाल तर रहस्यकथा म्हणा. तिसरा मुद्दा राहिला, तो चहाच्या वेळी.

पुढच्या रविवारी ज्यांना यायचंय त्यांनी खूण घातलेलं पुस्तक आणावं. संपलेलं पुस्तक दारातच परत पाठवलं जाईल. प्रत्येकी तीन मिनिटं, आणि घड्याळ अध्यक्षांकडेच राहील. मला ते देण्यात अर्थ नाही, हे तुम्ही आत्ता पाहिलंच.