टिटवीची सावली

सकाळचे सहा वाजलेत, बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, मागं राजहंसगड दिसतोय. भात कधीच निघालं, मागनं टाकलेला मसूरही काढून झाला, आता नुसती ढेकळं. पण त्या ढेकळांतच बघा, मातीच्या रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी आहेत, टिटवीची. घरटं म्हणून काही नाही, नुसता खळगा.

आपल्याला वाटतं पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. एप्रिल-मेच्या दुपारी काम उलटं असतं, सावली धरायची. नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर उभे राहतात, आणि ऊन फारच तापलं की पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवतात. एवढ्या उन्हात, रोज, जवळजवळ महिनाभर!

हे मला गेल्या उन्हाळ्यात माहीत नव्हतं. क्लोजअप पाहिजे म्हणून भर बाराला बांधाजवळ ट्रायपॉड लावून बसलो, टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडालती, मला वाटलं काय भारी ॲक्शन मिळाली, आणि खाली अंडी उन्हात उघडी. शेतातले आजोबा आले, म्हणाले, "पोरा, तुझा फोटो हुईल, पर अंडी भाजालीत की रे, ऊठ तिथनं." उठलो. तीन दिवसांनी गेलो तर खळगा रिकामा, टरफलसुद्धा नाही. अजून ते मनातनं जात नाही.

म्हणून आता गाडीतनं खाली उतरायचंच नाही. गाडीला पक्षी तेवढं बुजत नाहीत, काचेवर कॅमेरा टेकवायला बीनबॅग ठेवायची, लांबची लेन्स लावायची आणि गप बसायचं. ती ओरडायला लागली की समजायचं आपण जास्त जवळ आलोय, गाडी मागं घ्यायची. आणि नऊच्या पुढं थांबून तसाही उपयोग नाही, जमिनीवरची हवा थरथरायला लागते, कितीही महागडी लेन्स असू दे, फोटो शार्प येत नाही.

टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, असं आमच्याकडं जुनी माणसं सांगतात. यंदा तिनं बांधाला लागूनच घातल्यात. आजोबांनी नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला सांगून तेवढा तुकडा सोडायला लावलाय, आजूबाजूला सगळं नांगरलेलं आणि तेवढीच ती कोरी जागा, लांबनं पण कळते.

नऊ वाजायला आलेत, ऊन चटकालंय. ती बघा, दुसरी आली. पोटाची पिसं ओलीचिंब आहेत. पहिली उठली, बाजूला झाली, ही पाय दुमडून हळूच बसली.

एवढा एक फोटो घेतला, आणि गाडी चालू केली.